सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याची मोजणी

घर मोजायचं म्हणजे घराशी भांडायचं, असं मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना सांगत आले. भिंत सरळ दिसते, पण ती सरळ नसते. खोली चौकोनी वाटते, पण कोपऱ्यातून कोपऱ्यात टेप धरला की दोन कर्णांत दीड इंचाचा फरक निघतो. डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, टेपवर ठेवायचा. वास्तुकला शिकवण्यातून निवृत्त झाले तरी माझा हा ताठा काही गेला नाही, आणि खरं सांगायचं तर तो जावा अशी माझी इच्छाही नव्हती.

सिव्हिल लाइन्समधल्या त्या बंगल्याचं काम आलं तेव्हा मी मनातून खूश झाले. राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं घर. लाल विटा, कोपऱ्यांना वालुकाश्म, पोर्चला टोकदार कमान, छपराच्या तिरकस कडांना सागवानी नक्षीची झालर. दिवाणखान्यात चक्क शेकोटी. नागपुरात शेकोटी! विलायतेहून नकाशा मनात घेऊन आलेल्या कुठल्या साहेबाने पहिल्या मे महिन्यात त्या शेकोटीकडे कशा नजरेने पाहिलं असेल, या विचाराने मला आजही हसू येतं.

बंगला एका सरकारी विभागाचा. वर्षानुवर्षं रिकामा, जुन्या फायली आणि मोडक्या खुर्च्या ठेवायला वापरलेला. विभागाला तिथे सात मजली क्वार्टर्स हवे होते. फाइलीत कारण लिहिलं होतं की उन्हाळ्यात या इमारतीत माणूस बसू शकत नाही, ती वापराच्या लायकीची राहिलेली नाही. शहराच्या वारसा समितीपुढे सुनावणी होती. माझ्या अहवालातून घराचं महत्त्व सिद्ध झालं तर बंगला संरक्षित यादीत जाणार होता. नाही झालं तर पाडकामाची निविदा तयारच होती. हातात तीन आठवडे होते, आणि ते नेमके मे महिन्यातले.

टेपचं दुसरं टोक धरायला मला माणूस लागतो, आणि तो कामाचा लागतो. एका ओळखीच्या ठेकेदाराने एक म्हातारे मिस्त्री पाठवले. त्याच विभागाच्या दुरुस्तीच्या गँगमध्ये त्यांनी जन्म काढलेला, आता खापरखेड्याला मुलाकडे राहत होते. मुलगा पॉवर हाउसमध्ये नोकरीला. सकाळच्या बसने यायचे, डोक्याला पांढरा दुपट्टा, खिशात कांदा, आणि पिशवीत भाकरीबरोबर स्वतःची एक लाकडी फूटपट्टी. मी माझी लेझरची मशीन काढली की ते तिच्याकडे संशयाने पाहायचे. पण आमचं जमलं. मी आकडा ओरडायची, ते पुन्हा उच्चारायचे, मग मी लिहायची. पहिल्याच दिवशी मीटर सोडून आम्ही फुटांवर आलो, कारण हे घर फुटांतच बांधलेलं होतं. फुटाचा टेप लावला की खोल्या कशा शहाण्यासारख्या सोळा, अठरा, चोवीस अशा बोलू लागल्या.

आत मात्र भट्टी होती. विभागाचं म्हणणं चुकीचं नाही हे मलाही कबूल करावं लागलं. दुपारी बारानंतर आम्ही बाहेर कडुलिंबाखाली येऊन बसायचो. या एका मुद्द्यावर अहवालात गप्प बसायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या हातात हुकमाचा पत्ता होता ना.

तो पत्ता पोर्चच्या कमानीवर होता. संगमरवराची पाटी, तिच्यावर इंग्रजीत साल आणि बंगल्याची रचना करणाऱ्या साहेबाचं नाव. मी ते नाव घेऊन जुन्या गॅझेटांत आणि नकाशांच्या यादीत बुडी मारली, आणि सापडलं. साहेबाने आणखी दोन-तीन इमारती बांधल्या होत्या, त्या सगळ्या आज नाहीत. म्हणजे हा बंगला त्याच्या हातचा शेवटचा उरलेला नमुना. अहवालाचं पहिलं पान मी एका बैठकीत लिहून काढलं. अशी हुशारी अंगात आली की माझी लेखणी जरा नाचायला लागते, हे मला ठाऊक आहे.

सुनावणीच्या चार दिवस आधी छापून आलेला अहवाल मी बंगल्यावर नेला. मिस्त्रींना दाखवावं, एवढाच हेतू. कडुलिंबाखाली बसून पहिलं पान त्यांना मराठीत सांगत गेले. साहेब, साल, शेवटचा नमुना. ते मन लावून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "लय चांगलं लिवलं बाई. पण थे पाटी या घराची नाई ना."

"म्हंजे?"

"थे समोरच्या बंगल्याची. थो पाडला तवा मी नवाच लागलो होतो कामावर. आमच्या तवाच्या साहेबाले थे पाटी लय आवडली. म्हणे, फेकू नका, या पोर्चवर लावा, शोभा येते. मंग मीनंच बसोली."

मी अहवाल मिटला. "अन् तुमी हे मले आता सांगून राहिले? तीन हप्ते होत आले गा, मिस्त्री! काहून नाई सांगतलं?"

"तुमी इचारलं काहून नाई?" ते शांतपणे म्हणाले. "भिंतीची जाडी इचारली. दाराची उंची इचारली. पाटीचं तं तुमी काहीच नाई इचारलं. मले वाटलं, शिकल्या-सवरल्या बाई हायेत, यायले मालूम असन."

मी शिडी मागवली आणि वर चढले. अख्खं घर चुन्यात बांधलेलं, आणि पाटीभोवती करडं सिमेंट. डावीकडे अक्षरांच्या आधी तीन बोटं कोरी जागा, उजवीकडे शेवटचं अक्षर काठाला टेकलेलं, कारण कमानीवरच्या कोनाड्यात बसवायला दगड त्या बाजूने कापला होता. छिन्नीचे घाव अगदी स्पष्ट दिसत होते. पहिल्या वर्षाच्या पोराने हे पाहिलं नसतं तर मी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं. घरातली प्रत्येक खिडकी मी मोजली होती, फक्त ती पाटी मोजली नव्हती. दगडात कोरलेलं, त्यातून इंग्रजीत, मग ते खरंच असणार, असं माझ्यासारख्या बाईनेसुद्धा गृहीत धरलं होतं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात क्वचितच वाटली असेल.

मिस्त्रींनी शिडी धरली होती. मी उतरल्यावर हळूच म्हणाले, "मी कोनाले सांगून नाई राहिलो, बाई. घर वाचते तं वाचू द्या."

मोह झाला नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. समितीतल्या कुणालाही ही गोष्ट कधी कळली नसती. घर वाचलं असतं आणि माझं नावही राहिलं असतं. पण खोट्या पाटीवर वाचवलेलं घर दुसऱ्या एखाद्या शहाण्याने दोन वर्षांत पाडून दाखवलं असतं, आणि त्याचं बरोबरच असतं. मी मिस्त्रींना म्हटलं, पहिलं पान गेलं. आता या घराचं खरं काय आहे ते शोधू.

माझ्या नकाशांत एकच शब्द असा होता की ज्याची मला लाज वाटायला हवी होती, आणि तो होता 'अंदाजे'. बाहेरून छपराची उंची आणि आतून खोल्यांची उंची यांचा हिशेब लागत नव्हता. मध्ये काही फुटांची पोकळी उरत होती. व्हरांड्यातून वर माळ्यावर जायच्या चोरदारापाशी गांधीलमाश्यांचं मोठं पोळं होतं, म्हणून मी ती पोकळी नकाशात नुसती ठिपक्यांनी दाखवून मोकळी झाले होते. "मिस्त्री," मी विचारलं, "याच्या वर काय हाय?"

"आता इचारलं ना तुमी," ते म्हणाले, आणि हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर करून माश्या उठवल्या. आम्ही टॉर्च घेऊन वर गेलो. सागवानी फळ्यांवर चुन्याचा थर होता आणि त्यावर उपडी मातीची मडकी. ओळीने, एकाला एक खेटून, या टोकापासून त्या टोकापर्यंत. वरचं ऊन खाली उतरू नये म्हणून केलेलं हे काम. मडकी हातांनी घडवलेली, काहींवर कुंभाराच्या बोटांच्या खुणा. विलायती नकाशात असलं काही येत नाही. इथल्या उन्हात वाढलेल्या, इथल्याच कुणीतरी ते साहेबाकडून करवून घेतलेलं असणार. पण मिस्त्री मडक्यांपाशी थांबलेच नव्हते. ते वाकून पार आढ्याखालच्या भिंतीपर्यंत गेले होते.

"हे पाहा. झडपा."

भिंतीत लाकडी झडपांची रांग होती, प्रत्येकीला गंजलेली साखळी. होळी झाली की गँगमधला एक माणूस वर चढून या झडपा उघडायचा, दिवाळी झाली की बंद करायचा. मिस्त्रींना हे त्यांच्या मिस्त्रीने शिकवलं होतं, आणि त्याला त्याच्या आधीच्याने. कुठल्या कागदावर काही नाही. ते निवृत्त झाले, दुरुस्तीची कामं कंत्राटावर गेली, आणि झडपा बंदच राहिल्या. छपराखालची तापलेली हवा इतकी वर्षं तिथेच कोंडलेली, म्हणून खाली भट्टी.

"सोडा साखळ्या," मी म्हटलं.

तेल घालून, ठोकून, शिव्या घालून दुपारपर्यंत आम्ही सगळ्या झडपा उघडल्या. त्यानंतर मी ते केलं जे मी पहिल्या दिवशी करायला हवं होतं. मिस्त्रींना समोर बसवलं आणि त्यांना या घराबद्दल जे जे माहीत होतं ते सगळं विचारून लिहून घेतलं. वही भरली.

सुनावणीला मी उभी राहिले आणि आधी माझं पहिलं पान रद्द करते असं सांगितलं. पाटी दुसऱ्या बंगल्याची आहे, साहेब कोण ते मला ठाऊक नाही, चूक माझी आहे. विभागाचे अभियंते लगेच उठले. ज्या अहवालाचं पहिलंच पान खोटं, त्याच्या बाकी पानांवर कशाला वेळ घालवायचा, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. समितीचे अध्यक्ष, वयस्कर आणि कमी बोलणारे गृहस्थ, त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आता तुमच्या कुठल्या आकड्यावर आम्ही विश्वास ठेवायचा?"

"कुठल्याच नको," मी म्हटलं. "गाडी काढा, येऊन मोजा."

मला वाटलं होतं तारीख देतील. ते उठलेच. दुपारचे दोन वाजले होते, नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, सुरू होता, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. बंगल्यावर मिस्त्री होतेच. अध्यक्षांनी नकाशावर बोट ठेवून जेवणघराची लांबी निवडली आणि टेप अभियंत्यांच्या हातात दिला. दुसरं टोक मिस्त्रींनी भिंतीला लावलं. "चोवीस फूट, साडेतीन इंच," अभियंत्यांनी वाचलं. नकाशातही तेच. मग एक खिडकी, मग व्हरांड्याचा खांब. सगळं बरोबर निघत होतं, पण अध्यक्षांचं लक्ष आता टेपवर नव्हतं. ते खोलीच्या मधोमध उभे राहून वर पाहत होते.

"इथे कूलर लावलाय का?"

"लाइटच कापलेली हाय, साहेब," मिस्त्री म्हणाले.

झडपा उघडून तीन रात्री गेल्या होत्या. बाहेर डोळे उघडवत नव्हते, आणि आम्ही सात-आठ माणसं त्या खोलीत नीट श्वास घेत उभी होतो. अभियंत्यांनी कपाळ पुसायला काढलेला रुमाल तसाच खिशात ठेवला. त्या माणसाचं मला कौतुक वाटलं, कारण मी मडक्यांबद्दल आणि झडपांबद्दल सांगताच स्वतःहून वर जायच्या शिडीवर पहिले तेच चढले. खाली आले ते हात मातीने माखलेले, आणि म्हणाले, "हे आमच्या एकाही कागदात नाही."

अध्यक्षांनी तिथेच सांगितलं की निविदा थांबवा, छप्पर आणि मूळ घर यादीत जाईल. मागच्या नोकरांच्या खोल्या वाचल्या नाहीत. त्यासाठी मी अर्धा तास भांडले, पण हरले. मिस्त्री कोपऱ्यात टेप गुंडाळत होते. अध्यक्ष त्यांच्याकडे वळले. "तुम्ही इतकी वर्षं इथे काम केलं. साहेब लोक येत होते, पाहणी करत होते. हे कुणाला सांगितलं का नाही?"

मिस्त्रींनी टेपचा शेवटचा वेढा घातला. "साहेब, आजवर जो आला, थो पाटी वाचून गेला."

सगळे हसले. मला हसता आलं नाही. त्या सगळ्यांत सर्वांत जास्त शिकलेली मी होते, आणि तीन आठवडे त्या माणसाच्या हातात टेपचं टोक देऊन मीही तेच केलं होतं.