तपासणीआधीचे आठ दिवस

ऊस तोडणीला येण्याआधी आम्ही त्याचं पाणी तोडतो, म्हणजे साखरेचा उतारा वाढतो. किडनीचा आजार निघाल्यापासून वडिलांनी रक्ततपासणीलाही हाच हिशोब लावला. आधी आठ दिवस मटण बंद, पाणी भरपूर. किडनी बिघडली की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन जरा खाली यायचं आणि त्याच रविवारी घरी रस्सा शिजायचा. मी चिडायचो.

"फसवताय कुणाला, आबा?"

"आकडा उतरला का न्हाई?" एवढंच उत्तर.

यंदा दौंडच्या डॉक्टरांनी रक्ताचीच एक नवी तपासणी लिहून दिली. किडनी आतून किती निबर झाली आहे आणि पुढं किती होईल, याचा अंदाज तिच्यातून येतो म्हणाले.

"ह्याला काय बंद करायचं?" वडिलांनी विचारलं.

"काहीच नाही. आठ दिवसांच्या पथ्यानं हिच्यात फरक पडत नाही."

मांडवगणला परतताना वडील गाडीतून रस्त्याकडची रानं बघत होते. गाव जवळ आल्यावर म्हणाले, "म्हंजी ह्या बारीला खरं ते कळणार."

"व्हय."

"मग ऊस गेल्यावर बघू."

आमचा ऊस कधीच कारखान्याला गेला होता.