खोल खिशाचा डगला

भीमाण्णा शिंपी उभ्या माणसाचं माप कधी घेत नसत. गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्याला बसवायचे. मग टोपी काढून वरच्या खुंटीला लावायला सांगायचे, मग वाकून जोड्यावरची धूळ झटकायला. हे सगळं नीट बघून झालं की गळ्यातली मापपट्टी हातात यायची. नव्या माणसाला वाटे, हा आपली थट्टा करतोय. मलाही वाटलं होतं, आणि मी तसं तोंडावर बोललोही. त्या काळी मी नुकताच शाळामास्तर झालो होतो, त्यामुळे मला राग लवकर येई.

ते शांतपणे म्हणाले, "उबं फकस्त फोटूत ऱ्हायाचं असतंय मास्तर. बाकी समदा जलम बसन्यात आन् वाकन्यात जातुय की."

भीमाण्णा मूळचे मंद्रूपचे. बायकोशी कानडीत बोलायचे, आमच्याशी मराठीत आणि कापडाशी मनातल्या मनात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं आणि मागच्याच खोलीत बिऱ्हाड. दिवाळी जवळ आली की गावातले बाकीचे शिंपी खळ घातलेले कडक कोट शिवण्यात बुडून जात. भीमाण्णांचं मन मात्र त्या दिवसांच्या हवेत गुंतलेलं असे. सोलापुरात आश्विन-कार्तिकात दुपारचं ऊन टाळू भाजतं आणि दिवेलागणीला वाऱ्यावर अंग शिरशिरतं. या दोन्ही वेळांना चालेल असं एकच वस्त्र शिवायचा त्यांना नाद होता. विणकरांच्या वस्तीतून ते हातमागाचं, ज्वारीच्या दाण्याच्या रंगाचं कापड आणत आणि तीनदा धुऊन मऊ झाल्याशिवाय त्याला कात्री लावत नसत. ते म्हणायचे, "दुपारी अंगावर हाय ह्ये कळू नये, आन् सांजंला न्हाय असं वाटू नये. घरात लोळता आलं पायजे, आन् कलेक्टर दारात आला तर तसंच उटून सामोरं जाता आलं पायजे."

माझे वडील, ज्यांना आम्ही नाना म्हणत असू, कचेरीत शिरस्तेदार होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या काळ्या कोटाशिवाय त्यांना गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. पेन्शन घेतल्यावर वर्षभरातच त्यांचा उजवा हात लुळा पडला. पायाला थोडी ओढ राहिली, पण चालता येत होतं. अडलं ते कोटापाशी. तो एका हाताने घालता येईना, दुसऱ्याने घालून दिलेला त्यांना चालेना आणि कोटाशिवाय बाहेर पडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आठ महिने नाना उंबऱ्याबाहेर गेले नाहीत. खिडकीशी बसून रस्ता बघायचे आणि कुणी ओळखीचं दिसलं की मागे सरायचे. असेच बसून संपणार हा माणूस, असं मला वाटायला लागलं होतं.

शेवटी मी त्यांचा कोट घेऊन भीमाण्णांकडे गेलो आणि बाह्या सैल करून मागितल्या. त्यांनी कोट उलटसुलट केला, कोपराची झीज पाहिली, तपकिरीच्या डबीनं ओघळलेल्या खिशात बोटं घातली. नानांसाठी वेगळंच काही शिवू का, असं त्यांनी विचारलं. मी घरी येऊन नानांना सांगितलं तर ते भडकले. "माझ्यासाठी खास काही नको. लुळ्याचा पोशाख म्हणून गाव बघायला जमेल."

मी परत जाऊन हे सांगितलं तेव्हा भीमाण्णांनी कोटाची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तुमीच एक डगला शिवून घ्या."

मला त्यांचा राग आला. मी बापाचं दुखणं घेऊन गेलो होतो आणि हे गिऱ्हाईक गाठत होते. तरी भिडेला बळी पडून मी बसलो, टोपी खुंटीला लावली, वाकलो. आठवड्यात डगला आला. गळ्याला बारीक उभी पट्टी, बाह्या ऐसपैस, डावी बाजू उजव्या छातीवर येऊन बंदांनी बांधायची. दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो परत मागवला आणि बंद काढून मोठ्या गुंड्या व फासे लावून दिले. कारण विचारलं तर नुसते हसले. उजवा खिसा तर इतका खोल की त्यात टाकलेला खडू शोधायला मला वर्गात कोपरापर्यंत हात घालावा लागे. मुलं हसत.

बघता बघता तसाच डगला समोरच्या वकिलांच्या अंगावर दिसला, मग वैद्यबुवांच्या, मग स्टेशनातल्या पार्सल बाबूंच्या. नाना खिडकीतून बघत होते. पहिल्या दिवशी म्हणाले, हे काय सोंग. चार दिवसांनी म्हणाले, पट्टी मात्र गळ्याला नेटकी बसते. दिवाळी सरली आणि एका संध्याकाळी त्यांनी माझा डगला मागितला, नुसता बघायला म्हणून, आणि खोलीचं दार लावून घेतलं.

आई आणि मी बाहेर उभे होतो. बराच वेळ आत कापडाची सळसळ होत राहिली. मग दार उघडलं. सगळ्या गुंड्या लागलेल्या होत्या. लुळा हात खोल खिशात असा जाऊन बसला होता की कुणीही म्हणावं, हा गृहस्थ खिशात हात घालून फिरायला निघालाय. "तळ्यापर्यंत जाऊन येतो," नाना म्हणाले आणि गेले. आई तिथंच दाराला टेकून रडली. मीही रडलो, ते सांगायला आता लाज वाटत नाही.

मी धावत भीमाण्णांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं की गुंड्या लावायला फार येळ लागला का. त्यांच्या बायकोला, काशव्वाला, मात्र राहवलं नाही. "आट दिस रोज सांजंला ह्यांनी सोताचा उजवा हात कमरंच्या करदोट्याला बांदून ठिवला व्हता," ती म्हणाली. "येका हातानं बंद काय बांदता येईनात. दोनदा चा सांडला अंगावर."

मग बाकीच्यांना डगले कशाला, असं मी विचारलं. भीमाण्णा सुईत दोरा ओवत म्हणाले, "येकट्याच्या अंगावर दिसलं की लोक इचारत्यात. चौगांच्या अंगावर दिसलं की कोन इचारतंय?" नानांना यातलं काही सांगायचं नाही, अशी त्यांनी मला शपथ घातली. मी ती पाळली. नानांना त्यांचा स्वतःचा डगला झाला, मग दुसरा झाला आणि रोजची तळ्याची फेरी कधी चुकली नाही.

तीन वर्षांनी ऐन वैशाखात भीमाण्णा गेले. नाना त्या उन्हातही डगला घालून त्यांच्या घरी आले. दुकानाच्या ओट्यावर सारी गल्ली बसली होती. नाना काशव्वासमोर उभे राहिले.

"अण्णांनी साऱ्या गल्लीला डगले शिवले," ते म्हणाले. "माप माझंच होतं."

तिनं डोळ्याला पदर लावला. "तुमास्नी ठावं व्हतं व्हय?"

"पहिल्या दिवसापासून."

मग एवढ्या वर्षांत कुणाला न दाखवलेला तो उजवा हात त्यांनी डाव्या हातानं खिशातून बाहेर काढला, सगळ्यांच्या देखत छातीपर्यंत उचलून धरला आणि दोन्ही हात जोडले.