आत्याचा गळा, आईचा चेहरा

माझ्या आत्याचं आणि आईचं कधी पटलं नाही. नणंद-भावजयीत कुरबुरी असतातच, पण यांच्यात उघड वैर होतं, आणि त्याचं मूळ होतं हिंदी सिनेमातली गाणी.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. आमच्याच घरी वरच्या खोलीत राहायची, दिवसभर चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. गळा असा की ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकावं. पण गाताना चेहरा मख्ख. गाणं विरहाचं असो की लाडीगोडीचं, ती बँकेच्या रांगेत उभी असल्यासारखी दिसायची. आईला एक सूर धड लागायचा नाही, पण नुसत्या भुवईने ती माणसाला रडवायची. बाबांचा हौशी वाद्यवृंद होता, ते स्वतः कीबोर्ड वाजवायचे. त्यांनी तोडगा काढला. आत्याने पडद्यामागे बसून गायचं, आईने पुढे ओठ हलवत अभिनय करायचा, सिनेमात असतं तसंच. कार्यक्रम चालायला लागले आणि घरातली शांतता गेली.

तालमी तळघरात व्हायच्या. मी श्वास घेते तिथे हिचं तोंड उघडंच असतं, असं आत्या बाबांना सांगायची; आई समोरच उभी असायची. मग आई भिंतीकडे बघून म्हणायची की काही जणांना मध्येच हरकती घ्यायची खोड असते, त्यामागे ओठांनी किती धावायचं. बाबा मान खाली घालून वायरी तपासत बसायचे.

एका कार्यक्रमानंतर एका बाईने आईला मिठी मारली आणि सांगितलं, तुमच्या आवाजाने डोळ्यांत पाणी आलं. आईने हसून आभार मानले. माईक आवरणाऱ्या आत्याने ते ऐकलं.

पुढच्या कार्यक्रमात विरहगीताच्या दुसऱ्या कडव्यात, ओळीच्या ऐन मध्यावर आत्या थांबली. ठरवून. वाद्यं चालू, आईचं तोंड उघडं आणि आवाजच नाही. आधी मागच्या रांगेतून हसू आलं, मग सगळ्या सभागृहातून. आईने तोंड मिटलं. शांतपणे विंगेकडे गेली आणि पडदा ओढून बाजूला केला. घरच्या चपला घालून, मांडीवर थर्मास घेऊन स्टुलावर बसलेली आत्या उजेडात आली.

"गाणाऱ्या या आहेत," आई लोकांना म्हणाली. "आता यांनाच बघा."

माघार घेणं आत्याच्या रक्तात नव्हतं. मधोमध येऊन ती गायली, आणि काय गायली. पण त्या दगडी चेहऱ्यापुढे लोक चुळबुळायला लागले. कुणी फोन काढला, कुणी जांभई दिली. आई मंचाच्या कडेला खुर्चीत हाताची घडी घालून मजा बघत होती. मग तिलाच राहवलं नाही. आत्याची कीव आली असं अजिबात नाही. लोकांच्या नजरा तिला परत हव्या होत्या. बसल्या जागी तिने मान किंचित वळवली, शब्दांना ओठ लावले. चुळबूळ थांबली. लोक आईकडे बघत होते आणि आत्याला ऐकत होते. पहिल्या रांगेतला एक म्हातारा रुमालाने डोळे टिपत होता.

परतताना गाडीत आत्या म्हणाली, "माझ्या गाण्यावर चढून बसलीस."

"तुमचं गाणं आडवं पडलं होतं, ताई. मी उचललं."

लोकांना दोघी एकदम समोर हव्यात, हे बाबांनी बरोबर हेरलं. तेव्हापासून दोघी मंचावर, दोन टोकांना, आपापल्या दिव्याखाली. लोक गर्दी करायचे. घरात मात्र बोलणं बंद. निरोप माझ्यामार्फत जायचे, तेही मी थोडे सौम्य करून.

मग आत्याच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि गाणं संपलं. बाबांनी नवी गायिका आणली, आत्यापेक्षाही गोड गळ्याची. पहिल्याच तालमीत आईचे ओठ चुकायला लागले. ती मुलगी श्वास घ्यायला थांबायची आणि आई पुढच्या शब्दावर गेलेली असायची. शेवटी आई तणतणत वर गेली आणि कित्येक वर्षांनी आत्याशी थेट बोलली.

"माझी सवय बिघडवून ठेवलीत तुम्ही. आता कुणाबरोबर जमत नाही."

आत्याला डॉक्टरांनी बोलायची मनाई केली होती. तिने कागद ओढला आणि लिहिलं, 'मला माहीत होतं.'

आईने दार आपटलं. कार्यक्रम लवकरच बंद पडले. त्याचं खापर दोघी अजून एकमेकींवर फोडतात, आत्या घोगऱ्या आवाजात आणि आई तिच्याहून मोठ्याने.