रद्द झालेले शौर्य

रिठ्याच्या पाण्याचा तुरट, फेसाळ गंध आला की मला धुळ्यातले आमचे अंगण आठवते आणि चांदीचे शौर्यपदक हलक्या हाताने उजळणारे माझे वडील, आबा. इंग्रजी अमदानीत, सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याच्या वरच्या अंगाला एका दरोडेखोराला गोळी घातल्याबद्दल तरुण शिपाई असलेल्या आबांना ते मिळाले होते. पुढे राज्य बदलले, राजाच्या मुखवट्याचे ते पदक बंद झाले, नव्या मुद्रेची नवी पदके आली, आणि प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात एखादा कोवळा अधिकारी "हे कुठलं हो?" असे विचारी, तेव्हा निवृत्त हवालदार आबांच्या मुद्रेवर अपमानाची राख पसरे.

ऐंशीच्या दशकातल्या एका वैशाखात, पांझरेचे पात्र पांढरेफटक पडले असताना, एक म्हातारी दारात उभी राहिली. चोपड्याहून एस.टी.ने आली होती. मी दिलेले पाणी तिने ओठांना लावले नाही. ओट्यावरच्या आबांकडे पाहत ती म्हणाली, "तुम्ही मारेल तो मना भाऊ. सरकारनी तुमले काय दिधं, ते माले दखाडा."

आबांनी मला खुणावले. मी पदक आणून तिच्या हाती दिले. तिने ते तळव्यावर तोलले, उलटसुलट केले, राजाच्या नाकावरून अंगठा फिरवला.

"इतलंसंच शे का हाई?"

"आता बंद झालंय ते," आबा म्हणाले. इतक्या वर्षांची साठलेली तक्रार त्यांनी तिच्याचपुढे मांडली! "नव्या राज्यात कुणी विचारत नाही."

"तुम्ही गोळी घाली तवय त्याना हात वर व्हतात, भाऊ," ती शांतपणे म्हणाली. "मी सोता दखेल शे."

तो शरण आला होता हे आबा नाकारतील म्हणून मी वाट पाहत राहिले. अंगणात उन्हाची झळ तेवढी थरथरत होती. तिने पदक पायरीवर ठेवले, पदर डोईवर ओढला आणि ती एस.टी. स्टँडच्या दिशेने चालू लागली.

ती दिसेनाशी झाल्यावर आबा म्हणाले, "एवढ्या उन्हाची आली. जेवून जा म्हणायचं होतंस."

तो स्वर पश्चात्तापाचा होता, की दारी आलेल्याला उपाशी धाडू नये या घरच्या रीतीचा, ते मला अजून उमगलेले नाही. पुढच्या संचलनालाही त्यांनी पदक छातीवर लावले. त्यानंतर आबा बरीच वर्षे जगले. मी रोज त्यांचे ताट वाढत राहिले आणि ते मान खाली घालून, सावकाश, शेवटच्या घासापर्यंत जेवत राहिले.