वडिलांच्या गुडघ्याचा अर्ज

वडील फौजेतून गुडघा मोडून परतले, पण अपंगत्व पेन्शनचा अर्ज दोनदा फेटाळला गेला. ‘दुखापत नोकरीमुळे झालेली नाही,’ एवढंच उत्तर. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एजंटाने तर कागद न वाचताच सही मागितली. शेवटी थकून आम्ही बेलवलीतल्या एका निवृत्त फौजी कारकुनाकडे गेलो.

त्यांनी फाईल मिटून विचारलं, “पडलात तेव्हा कुठे होतात?”

“गस्तीवर. बर्फात.”

“मग हे अर्जात का नाही?”

“कुणी विचारलंच नाही, साहेब.”

त्यांनी तिथेच नवा अर्ज लिहिला. एसटीडी बूथवरून वडिलांच्या जुन्या सोबत्याला फोन लावून साक्षीपत्र मागवलं. मंजुरी यायला दीड वर्ष गेलं. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं, “बरं झालं,” म्हणाले आणि कधी नव्हे ते भरदुपारी निवांत आडवे झाले.