ताईंसमोरचा निवलेला चहा

शनिवार, १९ जानेवारी २००८, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे. श्रीमती रत्नाताई भालेकर यांच्या साठाव्या वर्षानिमित्त मंचरला झालेल्या सत्कार समारंभात, भरल्या मंचावर, हिराच्या हातातून माइक काढून घेण्यात आला. लेखाची सुरुवात पहिल्या भेटीपासून करावी असे संपादकांनी मला कळवले होते. तशी करतेच. पण आधी ही नोंद, कारण सत्कार समितीच्या अहवालात ती नाही. अहवालात हार आहेत, शाल आहे, जेवणातली जिलेबीसुद्धा आहे.

हिरा चौतीस वर्षांची, निमगाव साव्याच्या मेंढरे राखणाऱ्या घरातली. सरकारी कागदावर तिच्या नावापुढे ‘मतिमंद’ असे लिहिलेले आहे. ताईंच्या ओसरीवर हा शब्द कोणी वापरत नाही. हिराला समजायला थोडा वेळ लागतो आणि बोलायला त्याहून जास्त. ताईंच्या समारंभासाठी तिने तीन आठवडे खपून चार वाक्ये तयार केली होती. त्यांतली दोनच तिला बोलू दिली.

आता पहिली भेट. १९९५ साली मी जुन्नरच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होते. ताई मूळच्या पिंपळवंडीच्या. प्राथमिक शाळेतली नोकरी सोडून त्या जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या हिरासारख्यांच्या घरी जात. रविवारच्या बैठकीसाठी त्यांना आमचा एक वर्ग हवा होता, म्हणून त्या माझ्या खोलीत आल्या. शेजारच्या खुर्चीत एकवीस वर्षांची हिरा बसली होती. मी ताईंना विचारले, “हिचं नाव काय?” ताई गप्प. मला वाटले, यांना ऐकू कमी येते. मी मोठ्याने विचारले.

“मॅडम, नाव तिचं आहे. तिलाच विचारा ना,” ताई शांतपणे म्हणाल्या.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनंतर मला असे कोणी बोलले नव्हते. मी मुकाट्याने हिराला विचारले. भिंतीवरच्या घड्याळात पुरी दोन मिनिटे गेली. ताई हलल्या नाहीत, म्हणून मीही हलले नाही. मग हिरा म्हणाली, “हिरा. तुमचं?”

मुख्याध्यापिकेच्या खोलीत येऊन माझे नाव विचारणारी ती पहिलीच. मी सांगितले, आडनावासकट. वर्ग अर्थातच दिला.

ताईंची कामाची रीत तेव्हा मला ठाऊक नव्हती. आपल्याकडे पाहुणा टेकायच्या आत चहा येतो. ताई तो समोर ठेवू देत, पण ज्या व्यक्तीसाठी आपण आलो ती स्वतः बोलेपर्यंत कपाला हात लावत नसत. आई, बाप, भाऊ, कोणीही तिच्या वतीने उत्तर दिले तरी कप तसाच. बैठकीत पुढचे वर्ष ठरवायचे ते तिचे, म्हणून बोलायचे तिने आणि बैठकीला कोणाला बोलवायचे हेही तिनेच सांगायचे. हिराने आपल्या घरच्या बैठकीला आईवडील, वहिनी, शेजारची एक मैत्रीण आणि मला बोलावले. मला का, ते मी विचारले नाही. भाव खाल्ला एवढे खरे.

ताईंनी जमिनीवर खाकी कागद अंथरला, मधोमध हिराचे चित्र काढले आणि विचारले, “हिरा, तुला काय हवंय?”

“तिला काय इचारता ताई, मी सांगते की,” आई म्हणाली. “दोन येळंला भाकर-कालवण मिळालं की लई झालं तिला.”

“च्या तर घ्या, निवला पार,” वडील म्हणाले.

“निवू द्या.”

अर्धा तास गेला. चहावर साय धरली. वडील दोनदा मेंढरे बघायचे निमित्त करून बाहेर जाऊन आले. मग हिरा म्हणाली, “मला पेटी पायजे. कुलपाची.”

वहिनीने पदर तोंडाशी धरला. हिराच्या बांगड्या, रिबिनी, जत्रेतला आरसा, जे काही असेल ते घरातली पोरे उचलत होती आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नव्हते.

“अगं, मंग आधी बोलायचं न्हाई व्हय?” आई म्हणाली.

“कोन इचारतंय?”

ताईंनी साय बोटाने बाजूला केली आणि तो थंडगार चहा एका घोटात संपवला.

लिहायचे काम माझ्याकडे होते. मी सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘हिराला स्वावलंबी व्हायचे आहे.’ ताईंनी ते वाचून दाखवले. हिरा म्हणाली, “ह्ये मी न्हाई बोलले.” तीस वर्षे मी मुलींच्या निबंधांवर लाल शाईने काट मारली, माझ्या वाक्यावर काट पडलेली ती पहिली वेळ. शेवटी कागदावर एक पेटी, एक कुलूप आणि हिराच्या गळ्यात किल्ली, एवढे चित्र उरले. ती किल्ली आजही तिच्या गळ्यात आहे. पुढच्या वर्षी तिने एकटीने एसटीने नारायणगावला जायचे ठरवले, तेही झाले. आज दोन्ही तालुक्यांतल्या तिच्यासारख्यांच्या गटाची बैठक हिरा चालवते आणि मध्येच बोलणाऱ्या आईबापांना बाहेर बसवते.

ताईंचा माझ्यावरचा उपकारही सांगायला हवा. निवृत्तीनंतर माझा हात मोडला. पुण्याचा भाचा आला आणि घर बंद करून मला त्याच्याकडे न्यायचे त्याने परस्पर ठरवले. टेम्पोसुद्धा सांगितला. ताई हिराला घेऊन भेटायला आल्या. भाच्याने चहा केला, माझी तब्येत सांगितली, माझी इच्छाही सांगितली. ताई कपाकडे बघत बसल्या. मला कारण कळले आणि एकदम रडू आले. भाचा पुन्हा समजावू लागला तेव्हा हिरा म्हणाली, “भाऊ, जरा गप ऱ्हावा. घर तिचं हाय ना?” मी म्हटले, “मला जुन्नरलाच राहायचंय.” ताईंनी कप उचलला. मी अजून जुन्नरलाच आहे.

आता मंचर. हिरा माइक हातात घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी हिरा, निमगाव साव्याची. ताईचं एकदा चुकलं व्हतं.” मग थांबली, नेहमीसारखी. ताई खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागल्या होत्या. इतक्यात सूत्रसंचालकांनी माइक घेतला आणि सांगितले, “हिराच्या भावना पोचल्या! ताई म्हणजे आपल्या सर्वांची माउली!” टाळ्या पडल्या. ताई उभ्या राहिल्या, तर त्यांच्या खांद्यावर शाल आली आणि हातात नारळ.

मी समितीच्या कार्यवाहांना जाब विचारला. ते म्हणाले, “मॅडम, पाहुण्यांना भीमाशंकर गाठायचं होतं. आणि ती पुढं काय बोलणार होती, ते तुम्हीच सांगा.” मला ठाऊक आहे. ताईंचे काय चुकले, ते ताईंनाही ठाऊक आहे. आपली चूक आपल्या सत्कारात हिराने सांगावी यापेक्षा मोठा हार त्यांना नको होता. पण मी सांगणार नाही. ती वाक्ये हिराची आहेत.

रत्नाताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे भीमाशंकरच्या पायऱ्या चढण्याइतके ठणठणीत राहोत आणि गप्प बसून समोरच्याला बोलते करण्याची त्यांची ताकद अशीच टिको. ही माझी मनापासूनची प्रार्थना.

आणि समितीला ही मागणी. हिराला पुन्हा माइक कधी मिळणार, कुठे मिळणार आणि किती वेळ (म्हणजे तिला लागेल तितका) मिळणार, याचे लेखी उत्तर सोमवार, ३१ मार्च २००८, संध्याकाळी पाचच्या आत द्यावे. उत्तर मला नको, हिराच्या नावाने, तिच्या निमगाव साव्याच्या घरी पाठवावे. हिराला वाचता येत नाही, तेव्हा मोठ्या कागदावर चित्र काढून पाठवावे. जमत नसेल तर ताई शिकवतील.

त्या दिवशी मंचावर ताईंसमोरचा चहा शेवटपर्यंत तसाच राहिला. समितीतल्या कोणाला वाटले, ताईंना साखर चालत नसेल. चालते. दोन चमचे घेतात. हिराचे तिसरे वाक्य येईपर्यंत मात्र तुमचा चहा त्या घेणार नाहीत.