बसच्या दारातली टोपली

बोईसर स्टेशनाबाहेर किनाऱ्यावरच्या आमच्या नवापूरची बस उभी असते, आणि पालघरहून येणारी गाडी फलाटाला लागायला आली की ती निघते. ज्यांनी वेळापत्रकं केली त्यांनी या दोघींची अशी फारकत करून ठेवली होती, जणू त्यांचं आपसात जुनं वैर आहे. मीही मुकाट्याने पुढच्या बसची वाट पाहायचो.

मग आईच्या उजव्या डोळ्याचे उपचार पालघरला सुरू झाले. ते अर्धवट सोडले तर त्या डोळ्याची नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बस चुकली की आई पदराने डोळा झाकून उन्हात बसायची. रिक्षावाले जवळच्या सालवड-सरावलीच्या कामगारांना कोंबून नेत. आम्हा दोघांसाठी नवापूरला कोण येतो? पुढच्या वेळी नको, असं ती दर खेपेला म्हणे.

आमची सोय लावली ती गावच्या कोळणींनी. बोईसरला मासळी विकून झालेल्या बाया आधीच बसमध्ये येऊन बसत. पालघरला विकायला गेलेल्या त्यांच्या जोडीदारणी आमच्याच गाडीने येत. त्यांच्यासाठी एक रिकामी टोपली बसच्या पायरीवर ठेवलेली असे. कंडक्टर कुरकुरला की एकच उत्तर, "आमच्या बाया यायच्या हायत. त्या आल्याशिवाय बस जाणार नाय." तो टोपलीला हात लावत नसे. वासाचं निमित्त सांगे, पण खरा धाक बायांच्या तोंडाचा होता. त्या टोपलीच्या कृपेने आईलाही बस मिळू लागली.

एक दिवस एसटीचे साहेब लोक पाहणीला आले, अर्थात आपापल्या मोटारींतून. गाडी आली, माणसं उतरली आणि बस चक्क थांबलेली! साहेबांनी याचं श्रेय स्वतःच्या बैठकांना दिलं, फोटो काढून घेतले आणि 'रेल्वे-बस समन्वय' असा फलक लावायला सांगितला. जाता जाता एकाची नजर पायरीवर गेली. नाकाला रुमाल लावून त्याने हुकूम सोडला, यापुढे दारात टोपली दिसता कामा नये. एवढी एक आज्ञा मात्र खात्याने तत्परतेने पाळली.

पुढच्या खेपेला आम्ही जिना उतरलो तेव्हा बस वळणावर पोचली होती. नवा फलक तेवढा झळकत होता. त्यावर काय लिहिलंय, असं आईने विचारलं. मी वाचून दाखवलं. वाचताना माझा संताप संताप होत होता.

ती तिथेच कट्ट्यावर बसली आणि म्हणाली, "आता मी नाय यायची. एक डोळा हाय ना, तेवढा पुरे."

त्यानंतर ती पालघरला गेली नाही.